न्यायालयीन सुटी आणि वकिलाची प्रकृती

न्यायालयीन सुटी ही न्यायालयाला असते. ती वकिलालाही असते, असा एक समज आहे, आणि महाराष्ट्रात व गोव्यात तो वर्षातून तीनदा पसरतो: दिवाळीत साधारण दोन आठवडे, नाताळात आठवडाभर आणि मे महिन्यात सर्वांत जोरात, जवळजवळ महिनाभर. उन्हाळ्याच्या सुटीचे मूळ ब्रिटिश अमलात आहे. इकडचा उकाडा सोसवत नसल्याने गोरे न्यायमूर्ती बोटीने विलायतेला जात. पुढे बोटी बंद झाल्या, न्यायमूर्ती इथलेच झाले, पण उकाडा कायम राहिल्यामुळे सुटीही कायम राहिली. मळिमठ समितीने 2003 मध्ये आणि विधी आयोगाने 2009 मध्ये आपल्या 230व्या अहवालात ती कमी करण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये नियम दुरुस्त करून उन्हाळी सुटीला ‘आंशिक न्यायालयीन कामकाजाचे दिवस’ असे नाव दिले. वकिलांच्या घरच्या मंडळींना यात नवे काही वाटले नाही. घरातल्या सुटीचे स्वरूप आंशिक आहे, हे त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

वकिलाच्या सुटीकालीन विकाराचे तीन टप्पे पडतात: सुटीपूर्व, सुटीतला आणि सुटीनंतरचा. पहिला टप्पा सर्वांत तीव्र असतो.

सुटी लागायच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक प्रकरण तातडीचे होते. चार वर्षे कपाटात स्वस्थ पडून असलेल्या दाव्याच्या अशिलाला वसुबारसेच्या आदल्या दिवशी जाणीव होते की, शेजाऱ्याने कुंपण दीड फूट आत सरकवले आहे आणि आता स्टे मिळाला नाही तर सर्वस्व जाईल. कुंपण सरकल्याला तीन पावसाळे उलटले आहेत, हे त्याला आठवत नाही. वकिलाला आठवते, आणि न्यायाधीश पहिला प्रश्न तोच विचारणार हेही त्याला ठाऊक असते. तरीही अर्ज तयार होतो, प्रतिज्ञापत्र होते, नोटरीच्या टेबलाशी गर्दी होते आणि सकाळी साडेदहाला मेन्शनिंगसाठी काळ्या कोटांची रांग लागते. या रांगेत सगळेच समदुःखी असतात, पण प्रत्येकाला पुढच्याचे दुःख बनावट वाटते.

समोरच्या बाजूच्या वकिलाचा ताण नेमका उलट्या दिशेचा असतो. त्याला फक्त सुटी लागेपर्यंत तग धरायची असते. ‘से दाखल करायला मुदत मिळावी’ हे वाक्य एरवी आळसाचे लक्षण मानले जाते. या आठवड्यात ते युद्धनीतीत मोडते. एकाला सुटीपूर्वी हुकूम हवा, दुसऱ्याला हुकुमापूर्वी सुटी हवी, आणि मध्ये बसलेल्या न्यायाधीशांना संध्याकाळची गाडी गाठायची असते. बोर्डावर शंभरावर प्रकरणे असतात. ‘तोवर जैसे थे’ हा आदेश अशा वेळी सर्वांना आवडतो, कारण त्यात कोणीच हरत नाही आणि निकालपत्र लिहावे लागत नाही.

काही वकील या आठवड्यात कॅव्हेट दाखल करून ठेवतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148-अ प्रमाणे ती 90 दिवस टिकते आणि तेवढ्या काळात आपल्याला न ऐकता समोरच्याला हुकूम मिळत नाही. दिवाळीत शांत झोप लागण्यासाठी कायद्याने उपलब्ध करून दिलेले हे बहुधा एकमेव साधन आहे. महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या अशिलांना ते जास्त लागते. बांधकाम पाडण्याची नोटीस सुटीच्या तोंडावर, शुक्रवारी संध्याकाळी हाती पडते, असा शहरांतल्या वकिलांचा अनुभव आहे. नोटिशीवरची तारीख मात्र मंगळवारची असते.

या टप्प्यातील खरा मानसिक आजार म्हणजे दिवस मोजणे. मुदतीचा कायदा, 1963 याचे चौथे कलम वकिलाला दिलासा देते: विहित मुदत कोर्ट बंद असताना संपली, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. इथवर सर्व ठीक आहे. कलम वाचून वकील शांत झोपतो आणि रात्री दोन वाजता उठून बसतो, कारण ते आपल्या अशिलाच्या बाबतीत लागू होते की नाही याची त्याला शंका येते. शंका रास्त असते. लवाद निवाडा रद्द करून घ्यायला तीन महिन्यांची मुदत आहे आणि त्यापुढे कोर्टाच्या मर्जीने आणखी 30 दिवस. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चौथ्या कलमाचा फायदा तीन महिन्यांना मिळतो, वरच्या 30 दिवसांना मिळत नाही. त्या प्रकरणात हे वाढीव दिवस दिल्ली उच्च न्यायालयाच्या उन्हाळी सुटीत, 28 जून 2022 रोजी संपले. कोर्ट उघडले 4 जुलैला. अर्ज त्याच दिवशी दाखल झाला आणि मुदतबाह्य ठरला. सुटी कोर्टाची, उशीर अशिलाचा.

परक्राम्य दस्तऐवज अधिनियमातली गंमत याहून वेगळी आहे. हुंडी किंवा वचनचिठ्ठीची देय तारीख सार्वजनिक सुटीला आली, तर कलम 25 नुसार ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय धरतात. म्हणजे दावा लावायचा असेल तर सुटी माणसाला पुढे ढकलते, पैसे द्यायचे असतील तर मागे ओढते. धनत्रयोदशीला दिलेला चेक न वटता परतला, की बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर 15 दिवसांची वाट आणि पुढे महिनाभरात फिर्याद, अशी साखळी सुरू होते. चेक देणारा तोवर नाताळच्या सहलीचे बुकिंग करून मोकळा होतो. बोटे मोजत बसतो तो वकील.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष सुटीचा. इथे दिवाणी आणि फौजदारी वकिलांची प्रकृती वेगवेगळी असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 22 नुसार अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. हा अनुच्छेद लिहिताना घटनाकारांनी नरकचतुर्दशीचा अपवाद केला नाही, त्यामुळे सुटीतही पाळीपाळीने रिमांडचे काम चालते. अभ्यंगस्नान पहाटे आटोपून, कानामागे थोडे उटणे तसेच ठेवून कोर्टात आलेला वकील ओळखायला सोपा असतो. त्याच्यासमोर उभा असलेला आरोपी आदल्या रात्री पत्त्यांच्या डावात सापडलेला असतो आणि लक्ष्मीपूजनाला घरी पोचायची दोघांची घाई सारखीच असते.

फौजदारी वकिलाला एक सांत्वन आहे. आरोपपत्रासाठी असलेल्या 60 किंवा 90 दिवसांच्या मोजणीत सुट्याही धरल्या जातात, आणि पहिल्या रिमांडचा दिवससुद्धा धरायचा असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठरवले. मुदतीत आरोपपत्र आले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पोलीस बंदोबस्तात आणि तपास अधिकारी रजेवर असताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून समाधानाने चकली मोडणारा माणूस दिसला, तर तो बहुधा बचाव पक्षाचा वकील असतो.

उच्च न्यायालयात सुटीतले खंडपीठ बसते. तिथे तातडीचीच प्रकरणे घेतली जातात, आणि तातडी म्हणजे काय यावरच निम्मा वेळ जातो. पूर्वी मुंबईबाहेरच्या वकिलाला ‘गावी आहे’ हे कारण पुरत असे. आता व्हिडिओवरून सुनावणीची सोय झाल्यापासून ते पुरेनासे झाले आहे. तारकर्लीला निघालेल्या वकिलाच्या बॅगेत पोहण्याच्या कपड्यांखाली बँड आणि गाऊन घडी करून ठेवलेला असतो. हॉटेल निवडताना समुद्र किती जवळ, याऐवजी वायफाय खोलीत येते का हे विचारले जाते. मोबाइलला रेंज नसलेली गावे कोकणात अजून शिल्लक आहेत. जाणकार वकील त्यांची नावे सांगत नाहीत.

कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांची दिवाळी हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. विभक्त झालेल्या आईवडिलांच्या तडजोडपत्रात मुलाच्या सुटीची वाटणी केलेली असते: पूर्वार्ध आईकडे, उत्तरार्ध वडिलांकडे, लक्ष्मीपूजन सम वर्षी इकडे, विषम वर्षी तिकडे. कागदावर हे निर्दोष दिसते. मग शाळा सुटीच्या तारखा जाहीर करते आणि विषम संख्येच्या दिवसांचा मधला दिवस कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. 2024 मध्ये अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली. देशात काही ठिकाणी 31 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन झाले, महाराष्ट्रातल्या पंचांगांनी 1 नोव्हेंबर दिला. असे झाले की, तडजोडपत्रातला ‘लक्ष्मीपूजनाचा दिवस’ म्हणजे कोणता, हे पंचांग उघडून युक्तिवादात सांगण्याची पाळी वकिलावर येऊ शकते, आणि विधी महाविद्यालयात तिथी, उदयव्यापिनी की प्रदोषव्यापिनी, हा विषय शिकवत नाहीत. भाऊबीज कोणाच्या अर्ध्यात पडते यावर सकाळी सात वाजता फोन येतात. फोनवर ‘आत्ताच्या आत्ता अर्ज टाका’ असे ओरडणाऱ्या अशिलाला समजावणारा वकील त्या वेळी स्वतःच्या मुलाला किल्ल्यावर मावळे मांडायला मदत करणार असतो. किल्ला आठवडाभर तटबंदीशिवाय राहतो.

सुटीत भेटवस्तूंचाही प्रश्न येतो. उच्च न्यायव्यवस्थेने 1997 मध्ये स्वीकारलेल्या आचारमूल्यांनुसार न्यायमूर्तींनी कुटुंब, जवळचे नातेवाईक आणि मित्र सोडून कोणाकडूनही भेट घ्यायची नाही. त्यामुळे मिठाईचा डबा कोणाला द्यायचा नाही, हे वकिलाला चांगले ठाऊक असते. त्याला डबे मात्र अशिलांकडून येतात, आणि काजूकतलीचे वजन व थकलेली फी यांचे प्रमाण सम असते, असे या क्षेत्रातले जुने लोक मानतात. ज्या अशिलाने अर्धा किलो पाठवला त्याची फी वेळेवर येते. दोन किलो आणि वर सुका मेवा आला की, ‘साहेब, बाकीचे दिवाळीनंतर बघू’ हे वाक्य ठरलेले.

शुभेच्छा देणेही वकिलाला सरळ जमत नाही. नगरसेवकापासून गल्लीतल्या इस्त्रीवाल्यापर्यंत सारे चौकात फ्लेक्स लावतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम 36 ने वकिलाला जाहिरात करायला आणि कामे मागायला मनाई केली आहे. पाटीसुद्धा बेताच्याच आकाराची हवी. त्यामुळे आकाशकंदिलाखाली हात जोडलेले छायाचित्र, मोबाइल नंबर आणि ‘जमीन, जामीन, घटस्फोट’ अशी मांडणी त्याला करता येत नाही. तो व्हॉट्सॲपवर पणतीचे चित्र पाठवतो आणि त्याखाली नाव लिहावे की नाही यावर विचार करतो. नाव लिहिले की पाच मिनिटांत उत्तर येते: ‘तुम्हालाही शुभेच्छा. माझ्या तारखेचे काय झाले?’

जुनिअरचा ताण निराळा असतो. बार कौन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये किमान विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. शिफारस सर्व सीनिअरांनी वाचली आणि तिची स्तुती केली. दिवाळीत सीनिअर महाबळेश्वरला जातात, कारकून गावी जातो, आणि ऑफिसची किल्ली, फोन व कुंडीतल्या तुळशीला पाणी घालण्याचे काम जुनिअरकडे येते. कारकुनाच्या बोनसबद्दल मात्र कोणताही सीनिअर वाद घालत नाही. फाइल कुठल्या कपाटात आहे, फायलिंगच्या खिडकीवर कोण बसते आणि कोर्टातल्या कोणाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे फक्त कारकुनाला माहीत असते. तो रुसला तर सुटी संपूनही ऑफिस उघडत नाही.

कोर्टाचे काम थोडे कमी झाले की घरचे खटले बोर्डावर येतात. सुटीतला सर्वांत मोठा ताण नातेवाइकांचा असतो. मुदतीचे कलम त्यापुढे किरकोळ आहे. फराळाला आलेले काका अनारसा हातात घेतात आणि म्हणतात, ‘सहज विचारतो हं.’ या तीन शब्दांनंतर किमान पाऊण तास सातबारा, फेरफार, 1974 सालचे तोंडी वाटप आणि विहिरीच्या पाण्याची पाळी यांवर खर्च होतो. कागदपत्रे मागितली तर ती काकांच्या पिशवीतच असतात, म्हणजे ‘सहज’ची तयारी घरूनच झालेली असते. डॉक्टर भाच्याला गुडघा दाखवून लोक दोन मिनिटांत उठतात. वकील भाच्याला ते सबंध कुळकायदा दाखवतात. सल्ल्याची फी देण्याचा प्रश्न नसतो. उलट सल्ला पसंत पडला नाही तर ‘आमच्या गावातला वकील वेगळंच सांगतो’ असा शेरा ऐकावा लागतो.

भाऊबिजेला हा प्रकार शिगेला पोचतो. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, आणि बाप त्या वेळी हयात नसला तरी तो टिकतो हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तेव्हापासून अनेक घरांत ओवाळणीच्या तबकाशेजारी हक्कसोडपत्राचा मसुदा दिसू लागला आहे. भाऊ पैठणी देतो आणि ‘एक सही हवी होती’ म्हणतो. बहीण वकील चुलतभावाकडे पाहते. भाऊही त्याच्याचकडे पाहतो. चुलतभावाने बहिणीला हक्क समजावून सांगितला तर तो भावाच्या मनातून उतरतो, गप्प बसला तर बहिणीच्या. अशा वेळी ‘हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, आणि दुय्यम निबंधक कार्यालय आज बंद आहे’ एवढेच खरे आणि पूर्ण निरुपद्रवी विधान करून तो लाडू उचलतो. वकिलीतले उत्तम युक्तिवाद असे कोर्टाबाहेर होतात आणि कोणत्याही लॉ जर्नलमध्ये छापले जात नाहीत.

घरातल्या घरात वकिलाच्या बोलण्याचा त्रास इतरांना होतो, हेही नोंदवायला हवे. अकरा महिने उलटतपास घेण्याची सवय दोन आठवड्यांत सुटत नाही. ‘चिवड्यात मीठ जास्त झालं का?’ या प्रश्नाला तो ‘प्रश्न सूचक आहे’ असे उत्तर देतो. सासूबाईंनी काल वेगळे सांगितले होते, हे तो तारखेसह दाखवून देतो आणि खटला जिंकतो. त्याची अंमलबजावणी रात्रीच्या जेवणात होते. अशा घरांत सुटीतल्या ताणाची तक्रार कोणी कोणाविरुद्ध करायची, हे अजून ठरलेले नाही.

यातला विनोदाचा भाग वजा केला तरी आजार उरतो. अमेरिकेत 2016 मध्ये सुमारे 13,000 वकिलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: 20.6 टक्क्यांचे मद्यपान धोकादायक पातळीवरचे होते आणि 28 टक्क्यांत नैराश्याची लक्षणे होती. त्यातही वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांतले लोक जास्त अडचणीत होते. आपल्याकडचे जुनिअर हे वाचून चकित होणार नाहीत. बाररूममध्ये मात्र नैराश्याला ‘काम कमी आहे’ आणि चिंतेला ‘काम फार आहे’ असे म्हणून चहा मागवण्याची पद्धत आहे. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, फोन वाजला की छातीत धडधडू लागले, संध्याकाळचा एक पेग तीनवर गेला, तर तो ‘सीझन’ नसतो. डॉक्टरांना दाखवायचे कारण असते. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते. तिथे वकीलपत्र लागत नाही आणि तारीखही पडत नाही.

बाकीचे उपाय साधे आहेत आणि म्हणूनच ते अमलात येत नाहीत. मुदतीच्या सर्व तारखा सुटीच्या दोन आठवडे आधी एका वहीत काढून, कलम चार लागूच नाही असे धरून दाखल करून टाकणारा वकील सुटीत जाडा होतो. ई-फायलिंग आल्यापासून त्याला खिडकीवर उभेही राहावे लागत नाही. फक्त शेवटच्या रात्री पोर्टल चालेल या श्रद्धेवर जगणे सोडावे लागते. दोन-तीन वकिलांनी आपसात पाळी लावून एकमेकांची तातडीची कामे पाहण्याची पद्धत तालुक्याच्या कोर्टांत चांगली चालते, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. मोठ्या शहरांत ती अडते ती विश्वासावर: परत आल्यावर अशील आपलाच असेल का, ही शंका समुद्रकिनाऱ्यावरही पाठ सोडत नाही. अशिलाला सुटीच्या तारखा लेखी कळवल्या की निम्मे फोन थांबतात. उरलेले निम्मे ते पत्र मिळाले हे सांगायला येतात. काकांसाठी मात्र एकच उपाय गुणकारी ठरला आहे: सगळे ऐकून घ्यायचे आणि ‘दिवाळीनंतर ऑफिसला या, कागद शांतपणे पाहू’ म्हणायचे. ऑफिसला कोणी येत नाही.

तिसरा टप्पा रिओपनिंगचा. त्या दिवशी फायलिंगच्या खिडकीपुढे सुटीत मुदत संपलेले सगळे जमतात, बोर्ड लांबते आणि निम्मे वकील ‘मॅटर तयार नाही’ म्हणून पुढची तारीख मागतात. जी तातडीची प्रकरणे सुटीपूर्वी एक दिवसही थांबू शकत नव्हती, त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांत सुटीत बोलणी झालेली असतात किंवा अशील अजून गावाहून परतलेला नसतो. ‘दिवाळीनंतर’ म्हणून दिलेले सगळे वायदे ‘नाताळनंतर’ या खात्यावर वर्ग होतात. पुढल्या वर्षाच्या सुट्यांची यादी प्रसिद्ध झाली की, बाररूममध्ये तिच्याभोवती घोळका जमतो, मोबाइलवर फोटो निघतात आणि महाबळेश्वरच्या हॉटेलला फोन लावताना प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो: बुकिंग रद्द केले तर पैसे परत मिळतील का?